चंद्रावरची टाकी

सांगली, १९७८, गणपतीचा सातवा दिवस, संध्याकाळ. हजर : मामंजी, म्हणजे माझे सासरे, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त, साताऱ्याजवळच्या गावाहून आलेले; धाकटे दीर; मी; आणि यंत्र. यंत्राच्या आत धाकटी जाऊ. गल्लीतले बाकीचे लोकही होते, पण कामाचे नव्हते, म्हणून धरलेले नाहीत.

त्या वर्षी मंडळाने देखाव्याऐवजी विज्ञान करायचं ठरवलं. विज्ञान म्हणजे कपाटाचं रिकामं खोकं, वर चंदेरी रंग, दोन दिवे आणि एक नरसाळं. चंद्रावरच्या तळावरून प्राणवायूची टाकी चोरीला गेली आहे. संशयित तिघे : डॉक्टर, आचारी आणि यंत्रमानव. येणाऱ्याने गुप्तहेर व्हायचं, यंत्राला प्रश्न विचारायचे, आणि यंत्राने नरसाळ्यातून फक्त होय किंवा नाही म्हणायचं. सगळी कल्पना जावेची. दिरांनी दोन दिवे जोडले, म्हणून पाटीवर ‘संशोधक’ म्हणून नाव त्यांचं.

खरा प्रश्न मात्र चंद्रावरचा नव्हता, मिरजेचा होता. तिथल्या एका इस्पितळात जावेला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. मामंजी म्हणत होते, घरातल्या सुनेचा आवाज परक्यांनी का ऐकावा? म्हणून मी बेत आखला. आधी त्यांनी आवाज ऐकायचा, कौतुक करायचं, मग तो कोणाचा ते आम्ही सांगायचं. माझे बेत कागदावर उत्तम असतात.

मामंजी यंत्रासमोर ताठ उभे राहिले. “टाकी कुनी नेली? बोल!”

“असं नाही, आबा,” दीर म्हणाले. “होय-नाहीचा प्रश्न विचारा.”

“बरं. आचाऱ्यानं नेली का रं?”

यंत्र गप्प. सकाळपासून अख्ख्या गल्लीला खणखणीत उत्तरं देणारं यंत्र! मी मागच्या भोकातून पाहिलं. जावेने डोक्यावरून पदर घेतला होता आणि मान खाली घातली होती. बंद खोक्यात. मामंजींसमोर सुनांनी बोलायचं नाही हा आमच्या घरचा नियम चंद्रावरही लागू असल्याचं त्या दिवशी समजलं.

“वायर जळली, आबा.”

“जळली तर वास कुटं हाय? आन् यंत्रात बांगड्या कशाला वाजत्यात रं?”

झाला बेत. मी भोकाला तोंड लावलं. “अगं, आता बोल, नाहीतर सोमवारी बस माझ्याबरोबर पोळ्या लाटत.”

लगेच नरसाळ्यातून आलं, “नाही.”

“आचाऱ्यानं न्हाई? मग डॉक्टरनं?”

“नाही.”

“यंत्रमानवानं?”

“नाही.”

दिरांनी कपाळाला हात लावला. मामंजी मात्र खूश. “म्हंजे चौथा हाय! खुर्ची आना रं.”

आरतीपर्यंत ते खुर्चीवरून हलले नाहीत. मागे गुप्तहेरांची रांग लागली होती, पण सुभेदाराला उठवणार कोण? शेवटी थकून म्हणाले, “हरलो. सांग, चोर कोन?”

आतून आवाज आला, “सोमवारपासून मी मिरजेच्या फोनवर असेन, मामंजी. तिथं विचारा.”

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. “लय आगाव हाय ही. जा. पन फोनवर असंच बोलायचं, मगासारखं मुकं न्हाई बसायचं.”

जाऊ सोमवारी रुजू झाली. मामंजी अधूनमधून गावाजवळच्या साखर कारखान्याच्या ऑफिसातून तिला चोर विचारायला फोन लावतात. ती गोड आवाजात सांगते, “मामंजी, दुसऱ्या लाइनवर डॉक्टर आहेत.” अख्ख्या इस्पितळात तिच्याइतकी कामात कोणी नसेल.

मला तिने खरं सांगितलं आहे. घाबरून तिघांनाही सोडून दिलं. चौथा कोण, ते तिलाही माहीत नाही. दिवाळीला मामंजी येणार आहेत, आणि त्यांच्या संशयितांत आता मीही आहे. माझ्या यादीतला चिवडा झाला, पणत्या आणल्या, गाद्यांना ऊन दिलं. चोर ठरवायचा राहिला आहे.