डाव्या कोपऱ्यातला धर्मा

धर्मा गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं. मुरबाडच्या बाजारात धर्माच्या गावचा, वैशाखऱ्याचा, एक ओळखीचा शेतकरी भेटला, भातपिकाचं बोलून झालं आणि निघता निघता म्हणाला, "तुमचा धर्मा गेला... ठाव नाय का?"

आम्ही हुतुतू खेळायचो. मी चढाईचा गडी. धर्मा डाव्या कोपऱ्यात, उजव्या हातानं माझं मनगट धरून उभा. समोरचा आत शिरला की धर्मा आधी त्याच्या घोट्याला मिठी मारी, मग आम्ही बाकीचे अंगावर पडायचो. धुरळा बसेपर्यंत तो सगळ्यांच्या तळाशी, आणि टाळ्या वरच्याला. वरचा बहुधा मीच असे. इतक्या वर्षांत तो एकदाही चढाईला गेला नाही. "तू हायस की रे," म्हणायचा.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास शहापूरच्या एका भातगिरणीनं खेळासाठी म्हणूनच आम्हा दोघांना ठेवून घेतलं. मला कारकून, त्याला पोती उचलायला. दोन हंगाम झकास गेले. मग शेठ एकदा सामना बघायला आले. संध्याकाळी मला म्हणाले, "तो कोपऱ्यातला एकदाही पलीकडे गेला नाही. करतो काय तो?" एका वाक्यात सांगता आलं असतं. पण माझ्या गळ्यात हार होता, आणि सांगायचं तर त्यातला अर्धा काढून द्यावा लागला असता. मी म्हणालो, "जुना गडी आहे." एवढंच. आठवड्यात धर्मा वळकटी घेऊन गावी परतला. पुढच्या हंगामात गिरणीचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. शेठना कारण कळलं नाही, मला कळलं. मला तेव्हाही लाज वाटली होती.

धर्मा गुडघा जाईपर्यंत गावाकडून खेळला. मी काय बोललो ते त्याला माहीत होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. भेटला की बोलताना मनगट मात्र धरायचा.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ओटीवर डाव्या टोकाच्या खांबापाशी तो बसायचा, त्याच्या उजवीकडे मी सवयीनं टेकलो.

"बसा भावजी, ती तुमचीच जागा," वहिनी म्हणाल्या. "पोरांना पन बसू नाय द्यायचे. म्हनायचे, हितं गोपाळा बसतो."

चहा घेतला आणि उठलो. शेठही आता नाहीत. तरी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहून ठेवतो... तो धरून ठेवायचा.