दोराच्या दुकानातला नाखवा

झहूर नाखवांना बोट लागते. लहानपणी हर्णै ते दाभोळ एवढ्याशा प्रवासात त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर आलं होतं, म्हणून वडिलांनी त्यांना समुद्रावर पाठवायचा नाद सोडला आणि समुद्रापलीकडे पाठवलं. तेही विमानाने. कुवेतच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, दोराच्या एका दुकानात ते चिकटले ते एकतीस वर्षं. सुंभ, नायलॉन, जाळी, गळ, कप्प्या. कुठल्या लाँचीला किती जाडीचा दोर लागेल, हे झहूरभाई गिऱ्हाइकाला विचारत नसत, सांगत.

मग जुन्या गल्लीला आणखी जुनं करायचा विडा एका कंपनीने उचलला. दारं सगळी एका मापाची, एका रंगाची झाली, वर पिवळे दिवे लटकले. शेजारचा कुलुपवाला उठला, तिथे कॉफी आली. पलीकडचा शिंपी उठला, तिथे फ्रिजला चिकटवायची गलबतं आली. दुकानाचे म्हातारे मालक वारले होते. त्यांच्या मुलाने, यासिरने, दुकान कंपनीला देऊन टाकलं आणि हात झटकले. उरले झहूरभाई, वय साठीपार. काम गेलं की इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, जाणार, इकामा गेला की गाशा गुंडाळायचा, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कंपनीची हिबा नावाची मुलगी वही घेऊन आली आणि तिने नाव विचारलं. घाबरलेला माणूस नाव आडनावासकट सांगतो, आणि तेही पासपोर्टवर असेल तसं. गावात नाखवा, पासपोर्टवर नाखुदा. "झहूर नाखुदा," ते म्हणाले. हिबाचे डोळे चमकले. कुवेतमध्ये नोखदा म्हणजे गलबताचा कप्तान, मोती काढायच्या दिवसांतला मोठ्या मानाचा शब्द. आपल्याकडे तो झिजून आडनाव झालाय, आणि ते लावणारे कित्येक जण बाजारात सुकट विकतात. पण हे सांगायला झहूरभाईंचं तोंड उघडेपर्यंत तिने लिहूनही घेतलं. माणूस हिंदुस्तानी आहे हे तिला ठाऊक होतं. पांढरी दाढी आणि हे नाव, पर्यटकांना एवढं पुरे होतं.

आठवड्याने दारावर पाटी लागली: 'म्हातारा नोखदा आणि त्याच्या समुद्राच्या आठवणी'. झहूरभाईंची नोकरी टिकली, आणि वर एक लुंगी मिळाली, इस्त्री केलेली. जलीबच्या कामगारवस्तीतल्या खोलीवर ते रोज लुंगीच नेसत, पण ती चालली नसती. दोर विकायचा नाही, नुसता हातात धरायचा, अशी सूचना झाली.

तेव्हापासून त्यांच्या जिवात जीव नव्हता. कुणी वादळाबद्दल विचारलं की त्यांना घाम फुटे. कुणीतरी तक्रार करील, इकाम्याच्या खिडकीवर साहेब विचारील की तू विक्रेता की कप्तान, या धास्तीने त्यांचं जेवण तुटलं. गावी फोन केला तर बायको कुबरा म्हणाली, "तुमी खोटा खंय बोललाव? आडनाव आपलाच हाय. गप बसा." ते गप बसले. भीती मात्र गप बसेना.

शुक्रवारी दुपारी एक फार म्हातारे गृहस्थ चाकाच्या खुर्चीतून आले. झहूरभाईंनी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. दस्मान मोहल्ल्यातले हे खरे नोखदा, या दुकानाचं पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. आता संपलं, असं झहूरभाईंना वाटलं. दारात हिबा फोन धरून चित्रण करत उभी होती.

म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. खुर्ची ढकलणाऱ्या नातीने त्यांना पाटी वाचून दाखवली. समोर दुसरा नोखदा बसलाय म्हटल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. झहूरभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हाताऱ्यांनी अरबीत विचारलं, "इथे एक हिंदी असायचा. दोर द्यायचा. माझ्या शेवटच्या गलबताचा दोर त्याच्याच हातचा. तो कुठे आहे?"

एक शब्द बोलायचा होता. मी. झहूरभाईंनी हिबाकडे पाहिलं. तिने फोन जवळ आणला.

"तो गेला, काका," ते म्हणाले. "गावी गेला, कायमचा."

"सचोटीचा माणूस होता," म्हातारे म्हणाले. "भेटला तर माझा सलाम सांग."

सांगतो, असं झहूरभाईंनी कबूल केलं.