प्लगबाईंची यादी

आमच्या घरात आई आजवर शंभरेक वेळा तरी गेली असेल. दर वेळी ही बातमी वहिनीनेच दिली, आतल्या खोलीतून, अगदी निर्विकार आवाजात: "आई गेल्या." आणि दर वेळी स्वयंपाकघरातून उत्तर आईनेच दिलं, "बरं, परत घाल मला." एकदा शेजारच्या शिंपीणबाई शिवलेले पडदे द्यायला आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि पडद्यांसकट मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना पाणी आईनेच नेऊन दिलं, त्यामुळे त्या आणखीच घाबरल्या.

हा सगळा प्रकार वहिनीच्या यादीपायी. माझी वहिनी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. तिथे ऑर्डरींच्या नोंदीसाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. माहिती साठवायचा डेटाबेस त्यांच्याकडे आधीपासूनच होता. त्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, म्हणून घरात आम्ही त्याला कोठार म्हणतो. या कोठारावर चालणारी ओपन सोर्स सॉफ्टवेअरं, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना उघडा असतो आणि जी कुणालाही घेऊन वापरता येतात अशी, कोणकोणती आहेत, याची यादी कुठे मिळेल, असं वहिनीने कोठार वापरणाऱ्या लोकांच्या मंचावर विचारलं. यादी नाही, असं उत्तर आलं. त्याखाली कुणीतरी लिहिलं, तुम्हीच करा की. झालं. चेष्टेत म्हटलेलं बाईने मनावर घेतलं. याला आता अकरा वर्षं झाली.

जगभरातून लोक नावं पाठवतात आणि ती ठेवून घ्यायची सोडून वहिनी त्यांची परीक्षा घेते. स्वतः चालवून बघितल्याशिवाय एकही नाव यादीत जात नाही. त्यासाठी इस्त्रीच्या टेबलावर एक म्हातारा कॉम्प्युटर कायमचा मांडलेला आहे आणि दादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा भाऊ, गेली अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर शर्टांना इस्त्री करतो. सॉफ्टवेअर चढवायचं, एक नोंद घालायची आणि सरळ भिंतीतून प्लग उपटायचा. पुन्हा लावल्यावर नोंद जागेवर असली तर सॉफ्टवेअर पास. मंचावरचे लोक तिला प्लगबाई म्हणतात. काहीजण रुसतात, आमचं नाव चार महिने लटकलंय म्हणून लांबलचक पत्रं लिहितात. वहिनी त्या पत्रांतल्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करते आणि रांगेतला नंबर कळवते.

ती नोंद नेहमी आईची असते; पुसली गेली तर 'आई गेल्या', टिकली तर 'आई राहिल्या'. नाव, जन्मतारीख, पत्ता, घरचा फोन नंबर, सगळं खरं. नमुना असला तरी खोटं टाइप करायला हात धजत नाही म्हणे. त्यामुळे आई ग्रंथालयाची सभासद झाली, सायकली भाड्याने घेणारी गिऱ्हाईक झाली, पोहण्याच्या शर्यतीतली स्पर्धक झाली. एका प्रसूतिगृहाच्या सॉफ्टवेअरमध्ये बाळंतपणाची अपेक्षित तारीख रिकामी सोडता येईना, तेव्हा वहिनीने ते सॉफ्टवेअरच नापास केलं. वजन किंवा उंची विचारणारा रकाना आला की ती आईला पुन्हा काट्यावर उभी करायची. आईला हे भलतंच आवडायचं. मला अजिबात आवडायचं नाही. आपल्या आईला उठसूट मारून जिवंत करणं मला पटत नव्हतं, आणि माहेरी गेले की मी ते बोलून दाखवायचे.

दादा दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. आई जिन्यात थांबायला लागली तेव्हा आम्ही वयाकडे बोट दाखवलं. आईने गुडघ्यांकडे दाखवलं. वहिनी एकदा जेवताना म्हणाली होती, आई दुसऱ्या मजल्यावर हल्ली बराच वेळ उभ्या असतात. मी म्हटलं, खालच्या मजल्यावरच्या घरांत काय चाललंय ते ऐकत असेल. सगळे हसले, आईसुद्धा. वहिनी हसली नव्हती, पण तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष होतं.

गेल्या वर्षी यादीसाठी एक नाव आमच्याच शहरातून आलं. हृदयविकाराच्या एका दवाखान्यातल्या कारकुनाने पेशंटांच्या नोंदींसाठी स्वतः सॉफ्टवेअर लिहिलं होतं. गावातल्या माणसाचं म्हणून वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडली आणि रविवारी सकाळीच ते चढवलं. उघडल्याबरोबर आत पन्नास-साठ नावं दिसली. नमुन्याची नावंही घालून दिली आहेत, किती व्यवस्थित माणूस, असं म्हणून ती खूश झाली. आईची नोंद घातली, प्लग उपटला, लावला. "आई राहिल्या," तिने आतून सांगितलं. इतक्या झटपट कुठलंच सॉफ्टवेअर पास झालं नव्हतं.

मंगळवारी घरचा फोन वाजला. आईने उचलला. उद्या साडेअकराला तपासणीला या, जुने कागद असतील तर आणा, असं दवाखान्यातल्या एक बाई म्हणाल्या आणि आईने बरं म्हणून फोन ठेवला. तिला वाटलं, सुनेने नंबर लावला असेल. संध्याकाळी वहिनी घरी आली आणि हे ऐकून तिचा चेहरा पांढराफटक पडला. कारकुनाकडून सॉफ्टवेअर देताना दवाखान्याच्या कोठाराचा पत्ता आतून काढायचाच राहून गेला होता, म्हणून आमच्या इस्त्रीच्या टेबलावरून ते थेट दवाखान्याच्या कोठारात लिहीत होतं. ती पन्नास-साठ नावं नमुन्याची नव्हतीच, खरीखुरी आजारी माणसं होती. आणि त्यांच्या रांगेत वहिनीने आईला नेऊन उभं केलं होतं.

लोकांच्या पुस्तकांतल्या चुका पकडण्यात जिची हयात गेली, तिच्या हातून हे झालं. ती रात्रभर नीट झोपली नाही, असं दादा सांगतो. तिने कारकुनाला चूक कळवली, छापखान्यातून अर्धी रजा घेतली आणि नोंद काढून माफी मागायला निघाली. आई म्हणाली, नाव माझं आहे, मीही येते. कुणाची तरी पाळी अडवली म्हणून तिलाही वाईट वाटत होतं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. तेवढ्या जिन्यात आई दोनदा थांबली. डॉक्टरीणबाई नेमक्या वरच्या कठड्याशी उभ्या होत्या आणि त्यांनी ते पाहिलं. वहिनीने एका दमात सगळी चूक कबूल केली आणि नोंद खोडायला सांगितली. डॉक्टरीणबाईंनी नोंद उघडली आणि 'तक्रार' या रकान्यातला मजकूर मोठ्याने वाचला: दोन मजले चढल्यावर थांबावं लागतं. मागच्या वर्षी तिन्ही मजले चढत असत. महिनाभरापासून उशीवर उशी ठेवून झोपतात. गुडघे दुखतात असं सांगतात, पण हात छातीवर असतो.

"हे तुम्ही नमुना म्हणून लिहिलंत?"

"नमुनाच आहे," वहिनी म्हणाली. "पण खोटं नाही."

त्यांनी नोंद खोडली नाही. आईला त्याच दिवशी तपासलं. हृदयाची एक झडप खराब झाली होती. ऑपरेशनला फार उशीर केला तर आई हाती लागणार नाही, असं त्यांनी दादाला फोनवर स्पष्ट सांगितलं.

मी दुसऱ्या दिवशी येऊन थडकले आणि सगळा राग वहिनीवर काढला. तुला हे दिसत होतं आणि तू ते यंत्राला सांगत बसलीस, आम्हाला सांगायला काय झालं होतं, असं बरंच तोंड सोडलं. एरवी ती मला नावाने हाक मारते. रागावली की मी तिची वन्सं होते.

"वन्सं, मी सांगितलं होतं. जेवताना. तुम्ही हसलात."

खरं सांगायचं तर माझा राग तिच्यावर नव्हताच. आईच्या पोटची मी, आणि तिचा दम मोजून ठेवला सुनेने. याची लाज मला अजून वाटते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं: काम चालू असताना हृदय थांबवायचं, झडप बदलायची, मग पुन्हा चालू करायचं. दादा घाम पुसत होता. आई मात्र वहिनीकडे वळून म्हणाली, "म्हणजे तू करतेस तेच की. त्यांना म्हणावं, प्लग तेवढा नीट लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही तिघं बाकावर बसून होतो. वहिनीने सोबत मुद्रितं आणली होती आणि एकाच पानावर ती तीन तास होती. मधेच नर्सने औषधाची चिठ्ठी दिली, ती घेऊन मी खाली दुकानात गेले. तिथे माझ्यापुढे चार माणसं होती. माझा नंबर आला, दुकानदाराने पुडा पुढे केला, तेवढ्यात जिन्यावरून चपलांचा आवाज आला. बघते तर वहिनी. केस विस्कटलेले, पेन्सिल अजून कानामागे. मला तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. पुडा हातात धरून मी नुसती उभी राहिले.

"आई राहिल्या," ती म्हणाली. आवाज तोच, आतल्या खोलीतून यायचा तो.

इतकी वर्षं या शब्दांवर मी चिडत आले होते. मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "परत सांग."