वन्संच्या सायकलचं हँडल

आमच्या वन्सं भांडत नसत. समोरच्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या, मग "झालं बोलून?" असं विचारायच्या आणि आपल्याला हवं तेच करायच्या. आमचे हे म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. ह्यांनी त्यांच्यापुढे जन्मभर हात टेकले, पण शहाणे काही झाले नाहीत.

ऐन तिशीत नवरा गेला आणि वन्सं नारायण पेठेत आमच्याकडे राहायला आल्या. कर्वेनगरच्या एका शाळेत त्या शिवण शिकवत आणि रोज सायकलने जात. कुणी म्हटलं, "घरी काय कमी आहे का तुम्हाला?" की म्हणत, "कमी काही नाही हो. पण त्यात माझं काय आहे?" हे त्या माझ्यादेखतही म्हणत. मला लागायचं. पण खोटं कुठे होतं?

एका शनिवारी लकडी पुलाजवळ त्या हातगाडीवर आदळल्या. गुडघा फुटला आणि सायकलची हँडलखालची नळी चेपली. त्या नळीच्या तोंडात छर्र्यांची वाटी घट्ट बसलेली असते, ती खुळखुळायला लागली. ब्रेक दाबला की हँडल टकटक हलायचं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने बघितलं न बघितलं आणि सांगून टाकलं, "फ्रेम गेली, बाई. भंगारात घाला."

ह्यांना तेवढंच हवं होतं. संध्याकाळी हे परस्पर मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी गेले आणि 'ताई आता नोकरी करणार नाही' असं सांगून आले. आम्हाला कळलं ते जेवताना. वन्संनी भातावर ताक वाढून घेतलं, "झालं बोलून?" म्हणाल्या आणि जेवण पुरं केलं.

रविवारी सकाळी त्यांनी सायकल मोरीपाशी आडवी घातली. चेपलेल्या नळीवरून नख फिरवून बघितलं. "चिरलेली नाही. नुसतं तोंड पसरलंय." सैल अंगठीला आपण दोरा गुंडाळतो ना, तशी त्यांनी वाटीला परकराची नाडी गुंडाळली. शिवणाच्या बाई, त्यांना दुसरं काय सुचणार! सायकल गल्लीच्या टोकापर्यंत नीट गेली आणि परत येताना पुन्हा टकटक.

"कापड दबतं गं. न दबणारं काहीतरी दे."

मी माझ्या माहेरून आलेला बिस्किटांचा डबा काढून दिला. मला ह्यांचा इतका राग आला होता की मागितला असता तर पितळी हंडाही दिला असता. आणि वन्संनी काय करावं? ज्या कात्रीने त्या कुणाला साधा कागद कापू देत नसत, त्या कात्रीने कराकरा पत्रा कापला. पहिल्या पट्टीची टोकं एकमेकांवर चढली आणि वाटी वाकडी बसली. "दुमड आली," म्हणून त्यांनी ती उसवावी तशी काढली आणि टोकाला टोक भिडेल एवढीच दुसरी कापली. वर लाकूड ठेवून खलातल्या बत्त्याने वाटी ठोकून बसवली. छर्रे भरले, नट आवळला. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलून पाहिली. आवाज नाही! कात्रीची धार मात्र कायमची गेली.

सोमवारी हे दारातच हँडल धरून उभे राहिले. "ताई, हे पत्र्याचं ठिगळ मोडलं तर? तुला रस्त्यातून उचलून कोण आणणार?"

आता माझंच डोकं फिरलं. "मी आणते," म्हटलं, आणि पदर खोचून सरळ कॅरिअरवर बसले. "सोडा ते हँडल!"

ह्यांनी सोडलं. काय करणार बापडे, अख्खी आळी बघत होती. वन्सं फक्त म्हणाल्या, "घट्ट धर." लकडी पुलावर दोघींचं वजन, खड्डे, मागून बसचा भोंगा; पण हँडल हललं नाही. शाळेच्या फाटकात मुख्याध्यापिकाबाई चकित. "अहो, पण तुमचे बंधू तर म्हणाले की..."

"नोकरी बंधूंनी सोडली असेल," वन्सं म्हणाल्या. "घंटा झाली का?"

निवृत्त होईपर्यंत त्या त्याच सायकलने गेल्या. त्या वारल्या त्या दिवशी हे लहान मुलासारखे रडले. "ताईने माझं कधी ऐकलंच नाही," म्हणत होते.

मी म्हटलं, "म्हणून तर जगल्या."

मला ह्यांची दया आली. पण त्या शनिवारचा राग अजून गेलेला नाही, आणि मी तो घालवणारही नाही.