कंपाउंडरकाकांची पायरी

हसनाबादच्या शाळेतून गुरुजी म्हणून निवृत्त झाल्यावर माझे वडील, आमचे अण्णा, रोज दुपारी चार वाजता ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडायचे. समोर बसायला दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडरकाका. मग काकांना त्यांच्या मुलाने नाशिकला नेलं आणि पट कपाटावर गेला. मी जालन्यात नोकरीला. रविवारी घरी यायची, तेव्हा अण्णा चार वाजता नुसतेच ओट्यावर बसलेले दिसायचे. ते बघवेना, म्हणून मी त्यांना बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणून दिलं.

दिसायला साधा पटच. सोंगटी घरावर दाबली की त्याला कळायचं, आणि त्याची चाल कडेचे लाल दिवे लागून दिसायची. ती चाल आपणच हलवायची. अवघडपणाच्या पायऱ्या चौसष्ट, पटावरच्या घरांइतक्या.

अण्णांनी सगळ्यात वरची लावायला सांगितली आणि वजिरापुढचं प्यादं सरकवलं. दिवा लुकलुकायला लागला. अण्णांची आंघोळ झाली, जेवणं झाली, आईची भांडी घासून झाली, तरी तो लुकलुकतच होता. ते झोपलं की काय, असं आईने दोनदा विचारलं. शेवटी मी माहितीपुस्तक काढलं. त्या पायरीवर आपण थांबवेपर्यंत ते विचारच करत राहतं, असं त्यात लिहिलं होतं.

मग चाळीसवर आणलं. त्या आठवड्यात अण्णा अकरा डाव हरले. जेवताना बोलत नाहीत, असं आई फोनवर म्हणाली. पुढच्या रविवारी ते दाढी करायला गेले तेवढ्यात मी गुपचूप पाचवी पायरी लावली. आल्यावर ते लागोपाठ तीन डाव जिंकले आणि चौथा अर्धा सोडून उठले.

"बाई, ते वजीर फुकट देऊन राह्यलं," ते म्हणाले. "तू कीव करून राह्यली का माझी?"

मी कबूल केलं. ते रागावले नाहीत, पण बराच वेळ धोतराच्या सोग्याने सोंगट्या पुसत बसले. मग म्हणाले, "कंपाउंडरसारखं खेळणारं लाव."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही काकांची पायरी शोधत होतो. बारावर अण्णांनी मान हलवली, कंपाउंडर घोडा असा गमावत नाही म्हणे. तेविसावर, एवढं पुढचं त्याला दिसत नाही. एकोणिसावर मात्र डाव जेवणाची वेळ उलटून गेली तरी चालला आणि बरोबरीत सुटला. अण्णा खुश. फक्त हे कंपाउंडरसारखी चाल परत मागत नाही, एवढीच त्यांची तक्रार. लगेच नाशिकला फोन लावून त्यांनी काकांना त्यांची पायरी सांगितली. पलीकडून काकांनी विचारलं, "चौसष्टात एकोणीस?"

दिवाळीनंतर ते स्वतः आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. चहाही न घेता त्यांनी यंत्र मांडायला लावलं. एकोणिसावर हरले. पुन्हा हरले. तिसऱ्या डावात हातातला उंट कुठल्या घरातून उचलला तेच त्यांना आठवेना. त्यांनी चष्मा पुसला आणि तोंड धुवायला मोरीकडे गेले.

"बाई, दहावर आण," अण्णा हळूच म्हणाले. "जल्दी."

मी पायरी खाली आणत विचारलं, "त्यांना कळलं तर मंग?"

"मला जिंकायचं नव्हतं, म्हणून कळलं," अण्णा म्हणाले. "त्याला जिंकायचंय."

काका जिंकले. नंतर दोन वेळा चहा घेतला, आईच्या हातची शेव बशीभर संपवली, आणि हा डाव कुठे फिरला ते आम्हाला पहिल्यापासून समजावून सांगितलं. अण्णा अधूनमधून शंका विचारत होते.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गाडीला वेळ होता. ओळखीचं कुणी भेटलं की काका कालचा डाव सांगायचे. एकाला ते खरं वाटेना. त्याने अण्णांकडे पाहिलं.

"मी सोता बसलो होतो ना तिथं," काकांची पिशवी सावरत अण्णा म्हणाले. "वजीर घेतला यानं त्याचा."