अस्वलाच्या पंजाखालचा माणूस

टर्न कोव्ह गावच्या धक्क्याला उन्हाळाभर पर्यटकांची मोठी जहाजं लागतात आणि त्यांतून उतरलेली माणसं आठ-आठच्या टोळक्यानं व्हर्नाच्या हवाली होतात. व्हर्नाचं वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून म्हातारे. मासे डबाबंद करायचा कारखाना बंद पडला तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, ती पाहुण्यांना कयाक नावाच्या निमुळत्या होड्यांत बसवून खाडीच्या टोकापर्यंत नेते आणि ओहोटी लागायच्या आत परत आणते. काठावर अस्वल दिसलं की वल्हं आडवं धरून हळूच म्हणते, "आजोबा, आम्ही नुसते जातोय, तुमचं चालू द्या." पाहुण्यांना वाटतं, आपल्यासाठी नाटक करतेय. ती मुळीच नाटक करत नसते.

पंचाईत व्हायची ती परतल्यावर, अस्वल घराण्याच्या खांबापाशी. चाळीस फुटी देवदाराचा कोरीव खांब, वर गरुड, मध्ये मासे, तळाशी दांडगं अस्वल. त्याच्या पंजाखाली एक छोटा माणूस, डोकं खाली, पाय वर, जीभ बाहेर. लोक क्षणभर गरुडाकडे बघत आणि मग सगळ्यांचे डोळे त्या उलट्यावर येऊन थांबत. हा कोण, म्हणून विचारत.

"ती गोष्ट माझी नाही," व्हर्ना सांगायची.

इथल्या मूळच्या लोकांत मूल आईच्या घराण्याचं. व्हर्ना बेडूक घराण्याची, तिचा बाप अस्वल घराण्याचा. आणि गोष्ट असो, गाणं असो, ज्या घराण्याचं त्यानंच ते सांगायचं. दुसऱ्याची होडी न विचारता सोडून न्यावी, तसलाच तो गुन्हा. खांबाची गोष्ट बापानं तिला लहानपणी मासे चिरता चिरता कितीदा तरी ऐकवली होती. पण उलट्या माणसाची पाळी आली की त्याला हटकून लाकडं संपल्याची आठवण व्हायची आणि तो व्हर्नालाच पिटाळायचा. ती मोळी घेऊन येईतो गोष्ट संपलेली असायची. त्यामुळे खरं सांगायचं तर त्या माणसाबद्दल पाहुण्यांपेक्षा तिलाच जास्त उत्सुकता होती. पण वडीलधाऱ्यांना असं थेट विचारत नाहीत. त्यांच्या हाताखाली राबायचं आणि त्यांना वाटेल तेव्हा ऐकायचं. व्हर्ना पन्नास वर्षं कान देऊन बसली होती.

यंदा कोडीनं घोळ घातला. कोडी म्हणजे कयाकच्या धंद्याचा मालक, ओरेगॉनहून आलेला, मनाचा वाईट नाही पण भारी घाईचा. तीन पाहुण्यांनी इंटरनेटवर लिहिलं, बाई छान आहे, पण खांबाबद्दल तिला काही ठाऊक नाही. कोडीनं कुठल्याशा पुस्तकातून एक कागद उतरवून आणला आणि एवढं वाचून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे, असं म्हणाला. व्हर्नानं नकार दिला. तेव्हा नजर चुकवत त्यानं सांगितलं, की सोमवारी कॉलेजातली एक मुलगी येतेय, ती वाचेल, आणि मग दोघींना ठेवणं काही त्याला जमायचं नाही.

व्हर्नाला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. खाडीवाचून उन्हाळा कसा काढायचा हे तिला सुचेना. शिवाय तो कागद तिनं वाचला होता. त्यात उलट्या माणसाला 'बहुधा एखादा नर्तक' म्हटलं होतं.

रविवारी दुपारी ती सेलिना आत्याकडे गेली. बापाची थोरली बहीण, शहाऐंशी वर्षांची, गावातल्या अस्वल घराण्यात आता सगळ्यांत मोठी. आत्या मासे धुरावर सुकवायच्या धुरीघरापुढे सॅमन मासे चिरत बसली होती. व्हर्नानं खायच्या वाळवलेल्या शेवाळाची पिशवी तिच्यापुढे ठेवली, सुरी उचलली आणि शेजारी बसली. तासाभरात आत्या एवढंच बोलली, की बेडूक घराण्यात पातळ काप कुणालाच जमला नाही, तुझी आईही असलीच फळकुटं काढायची. शेवटी व्हर्नानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. सरळ विचारलं.

"आत्या, खांबाची गोष्ट मी लोकांना सांगू?"

"नाही," आत्या मान वर न करता म्हणाली. गोष्ट तिच्या एकटीची नव्हती. सिअ‍ॅटलचे भाचे यायला हवेत, सगळ्यांनी बसून ठरवायला हवं. व्हर्नानं मान डोलावली. हे तिलाही ठाऊक होतं. आणखी दोन मासे झाल्यावर आत्यानंच विचारलं, "पण ते लोक विचारतात तरी काय?"

"वरचं कुणी विचारत नाही गं. पंजाखाली उलटा आहे तो कोण, एवढंच."

आत्यानं सुरी खाली ठेवली. "बापानं सांगितलं नाही तुला?"

"लाकडं आणायला पाठवायचा."

आत्या हसली, मग हसायची थांबली. "पोरीला तोंडावर कसं सांगणार बिचारा. तो आमचा नाहीच गं. तुमचाच आहे, बेडूक घराण्याचा. तुझ्या पणजीचा भाऊ."

त्याचा गळा फार गोड होता, आत्या सांगू लागली. परगावच्या एका मेजवानीत त्यानं अस्वल घराण्याचं शोकाचं गाणं न विचारता गायलं. लोक रडले, हा फुगून घरी आला. चारचौघांत उभा राहून गाणं आमचं आहे एवढं म्हण, असा निरोप गेला, तर म्हणे गाणं काय, वाऱ्यावरच असतं. पुढच्या वर्षी खांब उभा राहिला आणि चारचौघांत लाज निघावी म्हणून हा त्यावर उलटा. त्याच्या माणसांपैकी कुणी लोकांपुढे कबूल करेल त्या दिवशी ते मिटायचं होतं. आधी बेडूकवाले हट्टाला पेटले, मग साथीत निम्मं गाव गेलं, मग शाळेत आपली भाषा बोललं की छड्या बसू लागल्या.

"मग आम्हीच गप्प बसलो," आत्या म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

व्हर्नाचे कान तापले. त्या माणसाची तिला लाज वाटली, आणि इतकी वर्षं आपल्याला जपणाऱ्या बापाची इतकी आठवण आली की धुराचं निमित्त करून तिनं डोळे पुसले. "मग त्याच्याबद्दल सांगायचं कुणी?"

"ज्यांचा आहे त्यांनी. आणि काप पातळ कर जरा."

सोमवारी खांबापाशी आठ पाहुणे होते, कागद घेतलेला कोडी होता, कॉलेजातली मुलगी होती. रस्त्याच्या पलीकडे घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, सेलिना आत्याही येऊन बसली होती. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या पोस्टमननं मान वाकडी करून विचारलं, हा कोण.

"हा आमचा," व्हर्ना मोठ्यानं म्हणाली, पलीकडे ऐकू जाईल असं. "माझ्या पणजीचा भाऊ. यानं अस्वल घराण्याचं गाणं त्यांना न विचारता गायलं. गाणं त्यांचंच होतं. हे आम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं."

मग पोस्टमननं वरच्या सगळ्याची गोष्ट विचारली, आणि कोडीनं घाईघाईनं कागद उलगडला.

"ती त्यांची आहे. मला येते," व्हर्ना म्हणाली, "पण आमच्या घरातला एक तिथे टांगलाय, तेवढा पुरे."

कोडीनं उलट्या माणसाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि तो घडी करून खिशात घातला. मुलीला त्यानं वल्ही धुवायला पाठवलं.

आत्या खुर्चीचे हात धरून सावकाश उठून उभी राहिली.

"झालं," ती म्हणाली. "मिटलं. आता त्याला खाली उतरवायला कुणी तरी बघ. डोकं दुखलं असेल त्याचं."