बंदूक नसलेले सिनेमे

माझ्या नवऱ्याला सगळं क्योटेरा गाव ‘सालोंगो’ म्हणतं, कारण तो जुळ्यांचा बाप आहे. मी त्याच जुळ्यांची आई, म्हणून मी नालोंगो. कळा मी सोसल्या, पण मान त्याला जास्त. आणि मान मिरवायचा कसा, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

बाजाराच्या मागे आमचं व्हिडिओघर आहे. वर पत्रा, आत लाकडी बाकं, खिडक्यांना काळं कापड आणि पुढे मोठा टीव्ही. सिनेमे सगळे परक्या भाषांतले असतात. म्हणून कोपऱ्यात एका उंच खुर्चीवर सालोंगो माइक घेऊन बसतो आणि तिकडे बोलणं चालू असतानाच इकडे ते आपल्या लुगांडा भाषेत सांगत जातो. बाईचा आवाज काढतो, म्हाताऱ्याचा काढतो, वेळ पडली तर कुत्र्याचाही काढतो. असा सांगणारा प्रत्येक व्हिडिओघरात असतो. लोक सिनेमा बघून घर निवडत नाहीत, सांगणारा बघून निवडतात.

एरवी आमच्याकडेही मारामारीच लागते. पोट त्यावरच चालतं. पण गुरुवारी दुपारी बाजार उठला की सालोंगो स्वतःच्या आवडीचा सिनेमा लावतो. त्यासाठी तो कंपालाला जातो आणि सीडीवाल्याच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची सीडी वर काढतो. “वरच्या सगळ्या जगाच्या,” तो म्हणतो, “तळाच्या माझ्या.” एक म्हातारा आपली आंधळी गाय विकायला निघतो आणि न विकताच घरी येतो, असला एक सिनेमा त्याने आणला होता. बर्फाच्या गावात दोन जावा एकाच चुलीवरून वर्षभर अबोला धरतात, असला एक. कुणी ऐकलेले नसतात, कुणी मागितलेले नसतात.

आणि मग दारात उभं राहून त्याची शिफारस सुरू होते. मी तिथेच कसावाच्या कंदाचे काप तळत बसलेली असते, त्यामुळे मला ती पाठ आहे.

“या, न्याबो, या बायांनो, या! टोपल्या ठेवा बाहेर. आजच्या सिनेमात बंदूक नाही. एक जरी बंदूक दिसली तर पैसे परत घेऊन जा!”

“मग आहे काय त्यात, सालोंगो?”

“माणसं आहेत. तुझ्यासारखी. जरा बऱ्या स्वभावाची.”

बायका हसतात आणि आत जातात. सालोंगोने बघा म्हटलं की बघायचं, हे आमच्या बाजारात ठरून गेलं होतं. कुणाची सून माहेरी निघून गेली की त्याच्याकडे त्यावर सिनेमा असे. नवरा दारू पितोय, त्यावर असे. वैद्याने मुळी द्यावी तसा तो सिनेमे देत असे, आणि बायकांना गुण येई. हे सगळं खरं आहे. नवऱ्याचं कौतुक करायची मला खोड नाही.

खोट एकच होती, त्याचे डोळे. परक्या सिनेमात खाली बारीक इंग्रजी अक्षरं येतात. ती वाचून हा सांगायचा. पण गेली काही वर्षं त्याला ताटातला खडा दिसेना, मग ती अक्षरं कुठली दिसायला? मी म्हणायची, चष्मा करा.

“चष्मा लावून माइकवर बसलेला माणूस कुणी पाहिलाय का?” तो म्हणायचा. “आणि माणसाचं तोंड बघितलं की कळतं गं, तो काय बोलत असेल ते.”

आता मामा प्रॉसीचं सांगते. मामा म्हणजे आमच्याकडे आई. प्रॉसीची आई म्हणून ती मामा प्रॉसी. बाजारात तिची टोमॅटोची जागा माझ्या समोरच आहे. तिची थोरली मुलगी प्रॉसी आखातात एका घरी कामाला गेली होती आणि ईस्टरच्या सुमाराला परत आली. आली ती गप्पच झाली. तिकडे कसं होतं विचारलं की “बरं होतं” एवढंच म्हणायची. आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर आली ती एक वेगळीच गोष्ट. ती गुडघे टेकेना.

आमच्यात मुलीबाळी मोठ्या माणसाला गुडघे टेकून नमस्कार करतात. रस्ता असो, चिखल असो, नवे कपडे असोत, खाली बसायचं आणि मग ‘रात्र कशी गेली’ विचारायचं. प्रॉसी लहानपणी बाजारातल्या प्रत्येक म्हातारीपुढे टेकत आली होती. आता ती उभी राहायची, मान खाली घालायची आणि उभ्यानेच विचारायची.

“विमानात बसून आली ना, गुडघे तिकडेच विसरली,” बायका म्हणायच्या. आईने तर एकदा चर्चच्या दारात पाद्रीबाबांसमोर तिच्या पाठीत धपाटा घातला. प्रॉसीने तो खाल्ला, पण टेकली नाही.

पुढे तिच्या धाकट्या बहिणीला, रॉबिनाला, त्याच बाजूला न्यायला एक दलाल यायला लागला. मामा प्रॉसीचं मन होत नव्हतं. थोरली काही सांगत नाही, धाकटीला पाठवायचं कशाच्या भरवशावर? ती सालोंगोकडे आली, टेकली आणि म्हणाली, “तुमच्याकडे सगळ्यावर सिनेमा असतो. मुली जातात त्या घरांवर आहे का एखादा?”

झालं. सालोंगो कंपालाला गेला आणि खोक्याच्या तळातून एक अरबी सिनेमा घेऊन आला. मोठं घर, पांढऱ्या फरशा, एक मालकीण आणि कामाला आलेली एक काळी पोर. बंदूक नाही. त्या गुरुवारी त्याने तो असा काही सांगितला की बायकांनी डोळे पुसले. मालकीण म्हणते, आलीस का बाळ. पोर गुडघे टेकून विचारते, रात्र कशी गेली मॅडम. मालकीण म्हणते, ऊठ गं, आधी चहा घे.

“बघा, बघा,” मामा प्रॉसी म्हणाली, “तिथेसुद्धा टेकतेय पोर. आमची मात्र तिथे जाऊन बिघडली.”

त्या सिनेमावर तिने होकार दिला. केळीच्या बागेचा अर्धा तुकडा विकून दलालाचे हात ओले केले. रॉबिनाचा पासपोर्ट आला आणि जायचा शनिवार ठरला. त्याआधीच्या गुरुवारी मामा प्रॉसीने तोच सिनेमा पुन्हा लावायला सांगितला, पोरीला तिकडच्या रीती कळाव्यात म्हणून. सालोंगोची छाती फुगली. दुसऱ्यांदा मागितलेला सिनेमा म्हणजे त्याच्या शिफारशीवर शिक्काच. बाजारातल्या सगळ्या बायका आल्या. रॉबिना आली, आणि तिने हाताला धरून प्रॉसीलाही ओढत आणलं. आल्यापासून तिने कधी आमच्या व्हिडिओघरात पाऊल ठेवलं नव्हतं. ती मागे, दाराजवळच्या बाकावर बसली. मी कढई खाली उतरवून दारातच उभी राहिले.

सिनेमा सुरू झाला. स्वयंपाकघरात ती पोर फरशीवर गुडघ्यांवर होती. मालकीण हातात कप घेऊन समोर उभी होती आणि काहीतरी बोलली.

सालोंगोने बाईचा आवाज काढला. “ऊठ गं बाळ, चहा घेतलास का?”

“ती तसं म्हणत नाहीये,” मागून कुणीतरी म्हणालं.

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. प्रॉसी होती.

सालोंगो माइकवरूनच हसला. “अरे वा! आखातातून आली आणि थेट माझ्याच खुर्चीवर डोळा?” बायका खदखदल्या. त्याने पुढचं वाक्य सुरू केलं. “मॅडम म्हणते, तुझी आई कशी...”

“ती म्हणतेय, मी बाजारातून येईपर्यंत असंच राहायचं.” प्रॉसी जागची हलली नव्हती. आवाजही चढला नव्हता. “ती म्हणतेय, उठलीस तर मला कळतं. गुडघ्यांवरच्या खुणांवरून कळतं.”

आता कुणी हसलं नाही. पडद्यावरची पोर एकच शब्द बोलली.

“ती म्हणते, हो मॅडम,” प्रॉसी म्हणाली. “बाकी काही म्हणायचं नसतं.”

सालोंगोच्या हातात माइक तसाच राहिला. मालकीण बोलत होती, आणि मागून प्रॉसी ते एकेक वाक्य लुगांडात देत होती. त्यातली काही वाक्यं मी इथे सांगणार नाही. एकाही वाक्यात चहा नव्हता. मालकिणीने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मागच्या वेळी इथेच सालोंगो म्हणाला होता, ‘देव तुझं भलं करो.’ प्रॉसी म्हणाली, “मान खाली, म्हणतेय. आणखी खाली.”

“तुलापण असंच?” रॉबिनाने विचारलं.

 प्रॉसीने झग्याची कड गुडघ्यांवरून घट्ट खाली ओढून धरली, आणि ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मामा प्रॉसी पुढच्या बाकावर होती. तिने मागे वळून बघितलंच नाही. ज्या हाताने तिने चर्चच्या दारात धपाटा घातला होता, तो हात तिने दुसऱ्या हाताखाली दडवला.

सालोंगोने टीव्ही बंद केला. मग तो उंच खुर्चीवरून उतरू लागला आणि त्याला उतरता येईना. मी जाऊन हात दिला. माझ्या नवऱ्याची मला आयुष्यात पुष्कळदा चीड आली आहे, पण लाज त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. त्याची वाटली आणि माझीही वाटली. त्या पोरीचे गुडघे तिकडे विसरले म्हणून बायका हसायच्या, तेव्हा मी काही तोंड फिरवून बसत नव्हते.

रॉबिना गेली नाही. दलाल येऊन दारात आरडाओरडा करून गेला, पैसे त्याने परत दिले नाहीत. मामा प्रॉसी माझ्यासमोर टोमॅटो मांडून बसायची आणि आमच्या दाराकडे बघायची नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सालोंगो तिच्या घरी गेला, अंगणात उभा राहिला, आणि ती आतून म्हणाली, “आज नको, सालोंगो.” तो परत आला.

घरी तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवायचा नाही. मी म्हटलं, “पुरे आता. मुद्दाम थोडंच केलंत?”

“पोर गुडघ्यांवर दिसली,” तो म्हणाला. “समोर मोठी बाई उभी. मला वाटलं, नमस्कार करतेय. दुसरं काय वाटणार गं? सांग ना, आपल्यातल्या कुणालाही दुसरं काय वाटलं असतं?”

 मलाही तसंच वाटलं होतं.

“पण मला वाचता येत नव्हतं, हे तर मला माहीत होतं ना,” तो म्हणाला. “तेवढं मी सांगायला हवं होतं. तिची एक मुलगी मी जवळजवळ तिथे पोचवली. आणि दुसरी मागे बसून ऐकत होती, मी तिला चहा पाजत होतो ते.” तो रडला. जुळ्यांच्या बारशाच्या दिवशी नाचलेला माणूस तो, त्याला असं बघणं नको वाटलं. मी भांडी घासायला निघून गेले.

गुरुवार आला. सालोंगो दारात उभा राहिला नाही. पायरीशेजारी खुर्ची टाकून नुसता बसला. बाजार उठला, बायका रेंगाळल्या. कुणीतरी विचारलं, “आज कुठला, सालोंगो?”

“मला विचारू नका,” तो म्हणाला.

तेवढ्यात प्रॉसी येताना दिसली. मागे रॉबिना होती, आणि बरीच मागे, टोमॅटोची टोपली घेऊन, त्यांची आई.  प्रॉसी सालोंगोच्या खुर्चीसमोर येऊन थांबली. मोठ्या माणसापुढे येऊन उभं राहिलं की काय करायचं असतं, ते पायांना आधी आठवतं. तिचे गुडघे जरासे वाकले आणि वाकता वाकता अडले. 

सालोंगो खुर्चीतून उठला आणि सरळ मातीत बसला. पाय पसरून, नव्या पॅन्टसकट, माझ्या तेलाच्या डब्याशेजारी. आता ती उभी होती आणि त्याचं डोकं तिच्या कमरेखाली होतं. ती उभ्यानेच विचारू शकत होती.

“रात्र कशी गेली, सालोंगो?” तिने विचारलं.

“वाईट गेली, पोरी,” तो म्हणाला. “तुझी?”

 रॉबिनाच पुढे आली. “त्या दिवशी तुम्ही मध्येच बंद केलात. शेवटी काय होतं? ती उठते का?”

किती वेळा पाहिला होता त्याने तो सिनेमा! मागे त्याने शेवटी पोरीचं लग्न लावून दिलं होतं, मालकिणीच्या हातून आहेर देववला होता, बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सगळा बाजार ऐकत होता. त्याने मान वर केली आणि प्रॉसीकडे बघितलं.

“मला माहीत नाही,” सालोंगो म्हणाला. “मला ती अक्षरं दिसत नाहीत. ती उठते का गं?”

“मी कुठे पाहिलाय?” प्रॉसी म्हणाली. “लावा.”

त्याने माइक तिच्या हातात दिला. ती उंच खुर्चीवर बसली नाही, टीव्हीशेजारी उभी राहिली. मामा प्रॉसी आत आली आणि सगळ्यांत मागे, दाराजवळच्या बाकावर बसली. सालोंगो बायकांच्या पुढे जमिनीवर बसला आणि सिनेमाभर त्याने तोंड उघडलं नाही.